त्याला काही येत नाही

सातपूरच्या कोपऱ्यावर, रिक्षाथांब्यामागच्या कुंपणाला, दोन वर्षांपूर्वी एक फलक लागला होता. फलकावर एका माणसाचे छायाचित्र होते. अंगात निळा कोट, डोक्यावर पिवळे हेल्मेट, छातीशी धरलेले नेमणूकपत्र. आणि खाली ठळक अक्षरांत, ‘डोंगरातून कारखान्यात! कौशल्याने घडवले आयुष्य.’ तो फलक मी कापला. सकाळी साडेदहाच्या सुमारास, हॅक्सॉच्या पात्याने, चार रिक्षावाल्यांच्या देखत कापला. हे मी कधीही नाकारलेले नाही.

माझा वाद आहे तो कारणाबद्दल. ज्या कौशल्य केंद्राने तो फलक लावला त्याचे संचालक सांगतात की फलकावर माझे नाव नव्हते, म्हणून म्हाताऱ्याचा पोटशूळ उठला. माझे एक जुने सहकारी, ज्यांच्याबरोबर मी पंचवीस वर्षे एका छपराखाली शिकवले, सकाळच्या फेरीनंतर बाकावर बसून चार पेन्शनरांना सांगतात की मी आमच्या पेशाशी बेइमानी केली आणि ती उघडी पडू नये म्हणून पुरावा फाडला. दोघांचेही म्हणणे चूक आहे. सहकाऱ्यांचे संचालकांपेक्षा थोडे कमी चूक आहे, एवढाच फरक. माझे वय त्र्याहत्तर आहे, स्मरण शाबूत आहे, आणि घडले तेव्हा मी स्वतः हजर होतो. ते दोघे नव्हते. म्हणून हे लिहून ठेवतो.

मी फिटर हा व्यवसाय शिकवला. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, चौतीस वर्षे. दोन भाग एकमेकांत असे बसवायचे की ते दोन होते हे विसरायला व्हावे, हे फिटरचे काम. माझ्याकडे पहिल्या महिन्यात कोणालाही यंत्राला हात लावू दिला जात नसे. तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा, एक कानस आणि एक गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, एवढेच साहित्य. तुकडा शिकंज्यात धरायचा, कानशीने घासायचा, आणि सपाट झाला असे वाटले की माझ्याकडे आणायचा. मी त्यावर गुण्या टेकवून खिडकीकडे धरत असे. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की तुकडा परत. काहींचा तुकडा घासून घासून निम्मा होई, तरी रेघ जात नसे. माझ्या नावाने बोटे मोडणारे पुष्कळ होते. त्यातले कित्येक पुढे गाडी घेऊन मला भेटायला आले, हेही नोंदवतो.

दरवर्षी पहिल्या दिवशी मी वर्गाला एक वाक्य सांगत असे: ‘ज्याच्या हातात कसब आहे तो उपाशी राहत नाही.’ चौतीस वर्षांत ते मी एकदाही बदलले नाही, कारण ते खरे ठरत होते. ते माझ्या शिकवण्यामुळे खरे ठरते, असा माझा समज होता. सातपुरात आणि अंबडमध्ये तेव्हा एकामागून एक कारखाने उघडत होते आणि त्यांना माणसे हवी होती, म्हणून ते खरे होते. माणसे नको असती तर माझ्या सपाट तुकड्यांना कोणी विचारले नसते. इतकी साधी गोष्ट कळायला मला निवृत्त व्हावे लागले.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी या केंद्राने मला बोलावले. तीन महिन्यांचा अभ्यासक्रम, शासनाची योजना, शिकणाऱ्याला मोफत. केंद्र एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर होते. आमच्या बरोबर खाली दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. वर वीस जण एकदम कानस मारू लागले की खालच्या खुर्चीतले रोगी तोंड मिटून उठून जात. डॉक्टर दोनदा वर येऊन भांडून गेले. तीन महिन्यांत फिटर तयार होत नाही, हे मी संचालकांना पहिल्याच भेटीत सांगितले होते. ते चाळिशीचे, नेहमी घाईत असणारे गृहस्थ. म्हणाले, “सर, फिटर नका करू. जॉब-रेडी करा.” या शब्दाचा अर्थ मी विचारला. त्यांनी मला एक छापील पुस्तिका दिली.

फलकावरचा तो माणूस त्या पहिल्याच तुकडीत होता. तिशीच्या आतबाहेर असेल, बाकीच्यांपेक्षा थोराड. सुरगाण्याकडचा. घरी थोडी भातशेती आणि नागली. भात झोडून झाले की दिवाळीनंतर बायकोला आणि मुलीला घेऊन दिंडोरीच्या द्राक्षबागांत उतरायचे, ते उन्हाळा सरेपर्यंत. त्यांच्याकडे याला ‘जगायला जाणे’ म्हणतात. मी सर्वांना रिवाजाप्रमाणे विचारले, कशासाठी आलात. कोणी म्हणाले नोकरी, कोणी म्हणाले पॅकेज, एकाने मोटरसायकल सांगितली. याची पाळी आली तेव्हा हा म्हणाला, “बारा महिने एका जागी राहायला, सर.”

वर्ग हसला. मी विचारले, “म्हणजे काय?”

“दिवाळीनंतर निघायचं नाय. पोरगी दर साली अर्ध्यातून शाळा सोडते. तिचं दप्तर बारा महिने एकाच खुंटीला पाहिजे.”

“त्यासाठी फिटर कशाला व्हायला हवं?”

“तुमच्या माणसानी गावात गाडीवर भोंगा लावून सांगितलं ना. कसब शिका, पोट भरा.”

वर्ग पुन्हा हसला. या वेळी मीही हसलो, असे मला आठवते.

कानस त्याने आठवडाभरात आत्मसात केली. आमचे सहकारी म्हणतात की मी त्याला खास वेगळे शिकवले. हे धादांत खोटे आहे. मी त्याला काहीच वेगळे शिकवले नाही. शिकवण्यासारखे फारसे उरले नव्हते. इतर जण दर चार घासांनी वाकून तुकडा पाहत. हा मान कलती करून, नजर भिंतीकडे लावून कानस मारी. मी एकदा मागे जाऊन उभा राहिलो.

“तिकडे काय बघतोस?”

“बघत नाय सर, ऐकतो. उंचवटा असला का कानस ओरडते. सपाट झालं का गप होते.”

“हे कोणी सांगितलं तुला?”

“विळ्याला धार लावताना असंच करतो ना.”

चौतीस वर्षे मी उजेडाने पाहिले; हा आवाजाने पाहत होता. मी त्याचा तुकडा गुण्याला लावून खिडकीकडे धरला. रेघ नव्हती. मी शाबासकी दिली नाही, ती माझी पद्धत नाही. तुकडा सर्वांच्या हातून फिरवला, एवढेच.

तीन महिने संपले. अंबडच्या एका कारखान्याने सगळी तुकडी शिकाऊ कामगार म्हणून घेतली. नेमणूकपत्रे वाटण्याचा छोटा समारंभ झाला. केंद्राकडे एक निळा कोट आणि एक पिवळे हेल्मेट होते. एकेकाने तो कोट घालायचा, पत्र छातीशी धरायचे, छायाचित्र काढायचे, आणि कोट पुढच्याला द्यायचा. त्याला तो खांद्यांत आवळत होता. छायाचित्रात तो श्वास रोखून उभा आहे, हे माहीत असलेल्याला दिसते.

त्याने अंबडमागच्या वस्तीत एक खोली घेतली. मुलीला महापालिकेच्या शाळेत घातले. त्या दिवाळीनंतर ते दिंडोरीला गेले नाहीत. माझे वाक्य पुन्हा एकदा खरे ठरले, असे मी घरी सांगितले. बायको म्हणाली, “थोडं थांबा. वर्ष तर होऊ द्या.” तिला माझी वाक्ये खरी ठरताना पाहण्याचा माझ्याइतका उत्साह कधीच नव्हता.

अकरा महिन्यांनी त्याच कारखान्याचा केंद्राला निरोप आला: पुढची तुकडी पाठवा, तितकीच माणसे. संचालक आनंदात होते. मी विचारले, “मागची तुकडी कुठे गेली?”

“ती प्लेस झाली ना, सर.”

“अकरा महिन्यांनी काढली तिला.”

“पण प्लेस झाली होती. आपलं टार्गेट तिथपर्यंतच असतं.”

मी त्या कारखान्यात गेलो. तिथे कामगारांचे सगळे पाहणारा अधिकारी माझा जुना विद्यार्थी निघाला. एके काळी त्याचा तुकडा मी पाच वेळा परत टाकला होता. त्याने उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला. मी सरळ विचारले, “तो सुरगाण्याकडचा माणूस कामात कमी पडला का?”

“छे! सर, असा हात मी दहा वर्षांत बघितला नाही.”

“मग काढला का?”

“काढला नाही, त्याची मुदत संपली. शिकाऊ माणूस मुदत संपली की जातो. नवीन शिकाऊ येतो.”

“म्हणजे कामाची जागा आहे.”

“जागा आहे. पर्मनंटची नाही, शिकाऊची आहे.”

“दरवर्षी नवा माणूस शिकवण्यापेक्षा शिकलेला ठेवणं सोपं नाही का?”

तो थोडा हसला. मग उठून दार लोटून घेतले आणि म्हणाला, “सर, रागावू नका. कौशल्य कमी आहे म्हणून माणसं घेत नाही, असं आम्ही सभेत सांगतो. तिथं तसंच बोलावं लागतं. तुम्ही कशाला मनावर घेता?”

“मग मी शिकवतो कशाला?”

“तुम्हाला त्याचं मानधन मिळतं ना, सर?”

मी चहा तसाच ठेवून उठलो. सहकारी सांगतात की मी तिथे टेबलावर हात आपटला. आपटला नाही. आपटण्यासारखे काही माझ्याजवळ उरले नव्हते.

संचालकांनी त्यावर उपाय काढला, तो त्यांच्याजवळ तयारच होता: आणखी एक अभ्यासक्रम. या वेळी संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा. त्याने तोही केला. दिवसा बिगारी, संध्याकाळी वर्ग. दुसरा कारखाना मिळाला, पुन्हा शिकाऊ म्हणून, पुन्हा अकरा महिने. त्यानंतर मात्र कोणी दारात उभे करेना. शिकाऊ म्हणून घ्यायला तो फार शिकलेला होता आणि कारागीर म्हणून घ्यायला जागा नव्हती. संचालकांनी तिसरा अभ्यासक्रम सुचवला: मुलाखतीत कसे बोलावे. मी विचारले, ज्याला मुलाखतीला कोणी बोलावतच नाही त्याला बोलायला शिकवून काय करणार? ते म्हणाले, “सर, तुम्ही फार निगेटिव्ह आहात.” त्या महिन्याअखेर मी केंद्र सोडले. मला काढले गेले असे कोणी म्हणत असेल तर माझा राजीनामा त्यांच्या फायलीत आहे, तो पाहावा.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली असताना, एका रविवारी तो माझ्या घरी आला. चप्पल बाहेर काढून, सोफ्याच्या अगदी कडेवर बसला. बायकोने चहा दिला. बशीत ओतून प्यायला. मग म्हणाला, “सर, एक काम मिळतंय. बाराही महिने.”

“कुठे?”

त्याने सांगितले ते असे. एक ठेकेदार होता. कारखान्यांना हमाल आणि मदतनीस पुरवायचा. अंबडलाच त्याचे मोठे गोदाम होते, तिथे माल उतरवायला, चढवायला कायमची माणसे लागत. राहायला गोदामामागे खोली. शाळा तीच राहिली असती. फक्त तो ठेकेदार शिकलेला माणूस घेत नसे.

“मी सांगितलं त्याला, मला काय येत नाय. तो म्हणाला, कोणी ओळखीचा मोठा माणूस दे, विचारतो. मी तुमचा नंबर दिला.”

“मग?”

“फोन येईल. त्याला सांगा, याला काय येत नाय.”

मी ऐकून घेतले. मग विचारले, “तुला काय येतं ते मला माहीत आहे. तुला काय येत नाही म्हणून सांगू?”

“सगळंच सांगा सर. कानस पण नाय येत.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्याने बशी कपाखाली नीट ठेवली, नमस्कार केला आणि गेला.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आवाज मोठा, मागे ट्रक मागे घेण्याची शिट्टी.

“नमस्कार सर! तुमचा एक माणूस आलाय माझ्याकडे. कसा आहे?”

“चांगला आहे.”

“चांगला म्हणजे? आयटीआयवाला, कोर्सवाला तर नाही ना? मला तसले नकोत. सहा महिन्यांत त्यांना पर्मनंट सुचतं, पगार सुचतो, वकील सुचतो. मला साधा माणूस पाहिजे. काही शिकवलंय का याला?”

इथे मी जे केले ते माझ्या सहकाऱ्यांना ठाऊक नाही, कारण त्यांना फक्त दुसरा फोन ठाऊक आहे. मी म्हणालो, “मी शिकवलेल्या माणसांत त्याच्याइतका चांगला फिटर मी पाहिला नाही.”

मग तो हसला. “अरे बापरे! मग राहू द्या, सर. एवढा मोठा माणूस परवडणार नाही आपल्याला.” फोन बंद.

मला बरे वाटले. हे लिहायला हवे, कारण इथे दुसरे कोणी माझी बाजू घेणार नाही आणि विरुद्ध बाजूही मलाच मांडायची आहे. मी खरे बोललो होतो, आणि जेवणानंतर पान खावे तसे ते तोंडात घोळवत बसलो होतो. बायको कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुम्हाला त्याची नोकरी हवी होती की तुमचा विद्यार्थी?”

“खोटं बोलायचं होतं का मी?”

“मी कुठे काय म्हणते? दिवाळीनंतर दिंडोरीला जातील. दरसाल जातातच की.”

तिने निवडलेली कोथिंबीर एकीकडे केली, देठ दुसरीकडे. मी तासभर खुर्चीतच बसून राहिलो. काही विचार केला असे म्हणवत नाही. मग उठून मी स्वतः त्या नंबरवर फोन लावला.

“मघाशी माझा घोटाळा झाला,” मी म्हणालो. “नावात गल्लत झाली. मी दुसऱ्याच माणसाबद्दल बोललो. हा तो नव्हे.”

“मग हा कोण?”

“हा चार दिवस येऊन गेला वर्गाला. कानस धरता येत नव्हती. मीच घरी पाठवला.”

“नक्की ना सर? नंतर कटकट नको.”

“नक्की. त्याला काही येत नाही.”

“मग पाठवा उद्यापासून.”

हा तो दुसरा फोन. संध्याकाळी सहकाऱ्यांना तो मी स्वतःच सांगितला, कोणाला तरी सांगावे म्हणून. त्यांनी कपाळाला हात लावला आणि त्या दिवसापासून ते मला धंदा विकणारा म्हणतात. विकला असेल तर किंमत तरी सांगावी. त्या वर्षी मुलीने शाळा अर्ध्यातून सोडली नाही. पुढच्या वर्षीही नाही. चौतीस वर्षांच्या शिकवण्याने आणि दोन प्रमाणपत्रांनी जे झाले नाही ते माझ्या एका खोट्या वाक्याने झाले, ही हकीकत आहे. तिचा अर्थ लावण्याचे काम मी घेतलेले नाही.

मग फलक लागला. केंद्राचा वर्धापन दिन होता. जुन्या छायाचित्रांतून संचालकांना हेच आवडले. मी स्कूटरवरून जाताना पाहिले आणि तिथेच थांबलो. ठेकेदाराचे ट्रक अंबडकडे जाताना याच कोपऱ्यावर वळत. कोर्सवाला माणूस त्याला नको होता, आणि इथे त्याचाच हमाल हेल्मेट घालून, पत्र छातीशी धरून, सहा फूट उंच उभा होता. कोणीही ओळखला असता. ओळखला की नोकरी गेली, आणि खोलीही गेली.

मी संचालकांकडे गेलो. म्हणालो, छायाचित्र काढा. त्यांनी कारण विचारले. मी म्हणालो, तो आता कारखान्यात नाही. तो हमाली करतो. ते म्हणाले, “सर, पण तेव्हा तर होता ना? फोटो खोटा नाही.”

“फलक खोटा आहे.”

“पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. पाहुणे येणार आहेत. नंतर काढतो.”

नंतरचे पंधरा दिवस त्याच्यापाशी नव्हते, असे मी समजत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाते घेऊन गेलो. एका रिक्षावाल्याने विचारले, “आजोबा, पार्टी बदलली का?” दुसऱ्याने माझी स्कूटर धरली. मी चारही कोपरे कापले, फलक गुंडाळला आणि केंद्राच्या पायऱ्यांवर नेऊन ठेवला. फाडला नाही. संचालक ‘फाडला’ म्हणतात. त्यांच्याकडे तो अजून असेल, तपासून पाहावा.

तिथून मी थेट अंबडला गेलो. फलक एक दिवस लागला होता. ठेकेदाराने पाहिला असेल तर त्याला काहीतरी सांगायला हवे होते. काय सांगायचे ते ठरवले नव्हते.

गोदामाच्या फाटकाशी स्कूटर लावली आणि आवाज ऐकला. कानशीचा. लांब घास, परत येताना उचललेली, पुन्हा लांब घास. मध्येच किंचित ओरडली, मग गप्प. मी पुढे गेलो. माल वाहून नेणारा पट्टा उघडून ठेवला होता आणि तो जमिनीवर मांडी घालून, लाकडी ठोकळ्यात धरलेली पोलादी चावी, चाक दांड्यावर पक्के धरणारी, घासत होता. मान कलती, नजर भिंतीकडे. मला पाहताच त्याने कानस मांडीखाली सारली. “मीच आहे रे,” मी म्हणालो.

ठेकेदार केबिनमधून बाहेर आला. पन्नाशीचा, अंगाने भरलेला. “या सर! आवाज ओळखला मी तुमचा. दोन वर्षांपूर्वी ऐकला होता. चहा?”

मी फलकाबद्दल बोलायला सुरुवात केली. त्याने हात केला.

“पाहिला काल. ड्रायव्हरने फोटो पाठवला. अहो, पण मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पट्टा बंद पडला, सगळे बघत उभे. याने पाना उचलला. ज्याला काही येत नाही तो दोन-तीन पाने लावून बघतो. याने एकच उचलला आणि तोच बसला.”

“तरी ठेवला?”

“का नाही ठेवणार? बाहेरचा फिटर बोलावला की दिवस जातो आणि खिसा जातो. हा घरचा आहे.”

“मग त्याला फिटरचा पगार देता?”

“हेल्परचा देतो.”

“काम फिटरचं आणि...”

“सर.” तो रागावला नव्हता, लहान मुलाला समजवावे तसे बोलत होता. “काही येत नाही, हे कोण म्हणालं होतं? मी? मी तर दोनदा विचारलं, नक्की ना? तुम्ही नक्की म्हणालात. तसं लिहिलं, तसा पगार.”

“आज सांगतो, येतं. बदला.”

“बदलतो. आत्ता बदलतो. पण ऐका, ज्या कंपनीचा माल इथं येतो, तिच्याच हजेरीवर माझी सगळी माणसं असतात. फिटर लिहिला की त्याचा हिशेब कंपनी ठेवते, आणि फिटर ती दर अकरा महिन्यांनी बदलते. हेल्परांकडे कोणी बघत नाही, म्हणून हेल्पर राहतो. बोला, काय लिहू?”

कानस ठेवून तो माणूस उठून आमच्याजवळ आला होता. हातांवर पोलादाचा काळा चुरा होता, ते त्याने पाठीमागे धरले.

“सर, राहू द्या,” तो म्हणाला. “पोरगी सहावीत गेली.”

“तुला कळतं का, तुझं किती जातंय ते?”

“कळतं सर. सपाट नाय, ते ऐकू येतं मला.” मग म्हणाला, “दप्तर तिथंच हाय ना. राहू द्या.”

ठेकेदाराने खिशातून पेन काढले होते. गंमत म्हणून असेल, लिहिणार काहीच नव्हता. “बोला सर. येतं, का काही येत नाही?”

मी त्या माणसाकडे पाहिले नाही.

“काही येत नाही,” मी म्हणालो.

चहा आला होता, तो प्यायलो. साखर जास्त होती. त्या वेळी मला राग आला, शरम वाटली, डोळ्यांत पाणी आले, असे लिहिता आले तर वाचणाऱ्याला बरे वाटेल. तसे काही झाले नाही. कडाक्याच्या थंडीत हात बधिर होऊन कानस पकडल्याचे कळत नाही, तसे होते. मी फाटकापर्यंत गेलो. स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली. तेवढ्यात आत कानस पुन्हा चालू झाली होती.

तो अजून तिथेच आहे. मुलगी आता आठवीत आहे. फलकाच्या जागी आठवड्याच्या आत नवा फलक आला. माणूस दुसरा, कोट तोच. या माणसाला तो सैल होतो. बाही त्याच्या बोटांपर्यंत आली आहे, आणि कोणी ते पाहिलेले नाही.

तो फलक मी कापलेला नाही. तसे कोणी सांगत असेल तर तेही खोटे आहे.